आडनाव आले कुठून?

मुलांनो, आपल्या वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. त्याचे नाव इंग्लंडच्या राणीवरून पडले. आता सांगा बरं, या राणीचे आडनाव काय होते?

नाही ना सांगता येत? कारण तेथील राजघराण्यात आडनाव लावण्याची चालच नव्हती. घराण्याला नाव होते, पण ते जर्मन होते. १९१४ साली इंग्लंड आणि जर्मनी यांच्यात महायुद्ध जुंपले. शत्रूच्या मुलखातले नाव लोकांना खुपू लागले. म्हणून राणीचे नातू पंचम जॉर्ज यांनी १९१७ साली 'विंडसर' हे नाव घेतले. विंडसर हे लंडनजवळचे एक गाव. तेथे राजाचा जुना किल्ला आहे. म्हणजे राजानेसुद्धा गावाचेच नाव लावले, बरं का!

आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' जोडतात. शेजारच्या पाटसवरून पाटसकर. हरि विनायक पाटसकर हे भारताचे कायदामंत्री होते. पुढे १९५७ ते १९६५ या काळात ते मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले.

काही आडनावे कामावरून पडली. इंग्रजांची ही आडनावे पाहा :

स्मिथ – लोहार
टेलर – शिंपी
पॉटर – कुंभार
कारपेंटर – सुतार
थॅचर – छप्पर शाकारणारा

इंग्लंडात सर्वांत जास्त लोक स्मिथ आडनावाचे आहेत. मार्गारेट थॅचर १९७९ ते १९९० पर्यंत ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या. हे त्यांच्या सासरचे आडनाव. म्हणजे छप्पर शाकारणाऱ्याचे आडनाव लावून त्यांनी देशाचा कारभार पाहिला.

काही आडनावे हुद्द्यावरून आली. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही अशीच. नाना फडणवीस यांचे मूळ आडनाव भानू. फडणवीस हा त्यांच्या घराण्याचा पेशवाईतला हुद्दा.

आता एका शाळेच्या रजिस्टरची गोष्ट. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. घराणे सकपाळांचे, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावावरून हे आडनाव आले. त्या मुलाला शाळेत इतरांपासून वेगळे बसावे लागे. तोच मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाला. ७ नोव्हेंबर हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

मुलांनो, यातून काय शिकायचे? आडनाव म्हणजे कुणा पूर्वजाचे गाव, काम नाहीतर हुद्दा. त्यावरून कुणी मोठा ठरत नाही, कुणी लहान ठरत नाही. कुणाचे आडनाव गाढवे असते, कुणाचे लांडगे. हजेरीच्या वेळी त्याला हसू नका. आणि आडनाव ऐकून 'तू कुणातला?' असे तर कधीच विचारू नका. नाव विचारा, आडनाव ऐका आणि खेळायला हाक मारा.

करून पाहा :
१. आपले आडनाव गावावरून, कामावरून की हुद्द्यावरून आले, हे घरी आजी-आजोबांना विचारा.
२. आईचे माहेरचे आडनाव काय? ते कसे पडले?
३. वर्गातली 'कर' शेवटी असलेली आडनावे लिहा आणि ती गावे नकाशात शोधा.