धुलाई यंत्रातला जळका वास

माजरीच्या कोळसा खाणींजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांनो, दगडी कोळशाचा ढीग हवेतला ऑक्सिजन शोषून आतल्या आत तापतो व कधी कधी आपोआप पेटतो, हे तुम्हांला ठाऊक असेल. ज्वाळा दिसण्याआधी तिथे वास येतो. घरातल्या धुलाई यंत्राचेही तसेच आहे.

समजा, खाणीतून आलेले काळेकुट्ट जाड कपडे यंत्रात कोंबले आणि बटण फिरवले. यंत्र नुसते गुणगुणले, फिरेना; वास मात्र सुटला. झाकण उघडून डोकावू नका. आधी भिंतीवरचा स्विच बंद करा. जमिनीवर पाणी सांडले असेल तर यंत्राजवळ न जाता मीटरजवळचा मेन स्विच बंद करा. यंत्रावर पाणी ओतू नका. धूर वाढलाच तर सर्वांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशामक दलाला बोलवा.

आता प्रश्न असा, की न फिरणारी मोटार जास्त का तापावी? फिरत्या मोटारीत उलट दिशेचा विद्युत्‌दाब निर्माण होतो व तो प्रवाहाला आवर घालतो. मोटार अडली की हा आवर सुटतो आणि प्रवाह कित्येक पट वाढतो. जेम्स ज्यूलने १८४१ साली प्रसिद्ध केलेला नियम आठवा: उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह ५ पट झाला तर उष्णता २५ पट! वेटोळ्यांच्या तारेवरचे व्हार्निश करपते. उग्र वास येतो तो त्याचा. मोटार अडण्याची कारणे साधी असतात: कपड्यांचा फाजील भार, उतरलेले व्होल्टेज, किंवा मोटारीला पहिली गती देणारा कपॅसिटर निकामी होणे.

वास रबराचा असेल तर पट्टा घसरत असावा. प्लॅस्टिकचा असेल तर आधी प्लग पाहा, अर्थात वीज बंद करून. पिना काळवंडल्या असतील तर दोष सैल सॉकेटचा आहे. (नवी मोटार बसवून झाल्यावर सॉकेट तपासणारे लोक मी पाहिले आहेत!)

मागचे झाकण मात्र तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युत्‌भार राहू शकतो; ते काम मेकॅनिकचे.

आणखी एक. बऱ्याच मोटारींत उष्णतेने उघडणारा स्विच असतो. मोटार निवली की तो पुन्हा जुळतो आणि यंत्र तासाभराने चालू लागते. दोष गेला असे समजून कपडे पुन्हा घालू नका. स्विच फक्त थंड झालेला असतो.