अचूक नेमाचा बाँब : त्याची घडण आणि त्याचा धडा

एके दिवशीं पदार्थविज्ञानाच्या तासाला पडणाऱ्या वस्तूंचे नियम चालले असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, आतांचे बाँब म्हणे सांगितलेल्या खिडकींतूनच आंत शिरतात. मग आतां युद्धांत निरपराध माणसें मरत नसतील ना?" प्रश्न लहान होता, परंतु त्याचें उत्तर तासाच्या उरलेल्या पांच मिनिटांत देण्यासारखें नव्हतें. तें येथें सावकाश देण्याचें योजिलें आहे. या प्रश्नाचे दोन भाग आहेत. बाँब नेमका कसा पडतो, हा पहिला. आणि नेमका पडला म्हणजे काय साधतें, हा दुसरा. पहिल्या भागाचें उत्तर विज्ञानांत आहे. दुसऱ्याचें कोठें आहे, तें शेवटीं पाहूं.

प्रथम साध्या बाँबची गोष्ट. कैरीच्या झाडाला दगड मारून पाहिला नाहीं असा मुलगा विरळाच. दगड हातांत आहे तोंवर आपला; तो सुटला कीं गुरुत्वाकर्षण नेईल आणि वारा लोटील तिकडे जावयाचा. विमानांतून सोडलेल्या साध्या बाँबची स्थिति अगदीं हीच असते. वर्गांत शिकलेल्या सूत्रानेंच हिशेब करून पाहूं. समजा, विमान जमिनीपासून ५,००० मीटर उंचीवर आहे आणि सेकंदाला २०० मीटर या वेगानें सरळ चाललें आहे. हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला तर बाँबला जमिनीवर पोहोंचण्यास सुमारें ३२ सेकंद लागतात. विमानाचा वेग अंगीं असल्यामुळें तेवढ्या वेळांत तो ६,४०० मीटर पुढें जातो. म्हणजे लक्ष्य जवळजवळ साडेसहा किलोमीटर दूर असतांनाच बाँब सोडला पाहिजे. वैमानिकाच्या हाताला एक सेकंद उशीर झाला तर बाँब २०० मीटर पलीकडे पडणार; वाटेंत आडवा वारा भेटला तर आणखी बाजूला सरकणार. एवढ्या अंतरांत एखादी सबंध वाडी मावते.

ही चूक केवळ कागदावरची नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, बट नांवाच्या एका ब्रिटिश सरकारी अधिकाऱ्यानें रात्रीच्या हल्ल्यांच्या वेळीं विमानांतून घेतलेलीं सहाशेंहून अधिक छायाचित्रें तपासलीं. त्यांवरून असें निष्पन्न झालें कीं, लक्ष्यावर हल्ला केल्याचें सांगणाऱ्या दर तीन विमानांपैकीं एकच विमान लक्ष्याच्या पांच मैलांच्या आंत पोहोंचलें होतें. जर्मनीच्या रूर या कारखान्यांच्या प्रदेशावर तर हें प्रमाण दहांत एक इतकें उतरलें होतें. नेम साधत नाहीं, म्हणून मग बाँबांची संख्या वाढविण्यांत आली, आणि कारखान्याऐवजीं सबंध शहरच लक्ष्य ठरूं लागलें. १९४३ सालीं हँबर्ग व १९४५ सालीं ड्रेस्डेन या शहरांची जी राख झाली, तिच्या मुळाशीं इतर कारणांबरोबर हेंहि एक कारण होतें.

पडत्या बाँबला वाटेंतच वळवितां आलें तर? हा विचार त्याच युद्धांत जर्मन शास्त्रज्ञांनीं प्रत्यक्षांत आणला. त्यांच्या 'फ्रिट्झ-एक्स' या बाँबचें वजन सुमारें १,४०० किलोग्रॅम होतें आणि त्याच्या शेपटाशीं एक ज्योत जळत असे. विमानांतील मनुष्य त्या ज्योतीकडे पाहत रेडिओच्या संदेशांनीं बाँबच्या पात्या हलवी. इटलीनें दोस्तराष्ट्रांशीं युद्धबंदी केल्यावर, ९ सप्टेंबर १९४३ रोजीं, इटलीची 'रोमा' ही मोठी युद्धनौका या बाँबांनीं बुडविली. तिच्याबरोबर हजाराहून अधिक लोक प्राणांस मुकले. परंतु या पद्धतींत मोठा दोष होता. बाँब पडेपर्यंत विमानाला संथ गतीनें, लक्ष्य नजरेआड न होऊं देतां, उडत राहावें लागे. आणि रेडिओचे संदेश बिघडवून टाकण्याची युक्ति दोस्तांनीं लौकरच शोधून काढली.

पुढचें पाऊल पडण्यास एका नव्या प्रकाशाचा शोध लागावा लागला. १६ मे १९६० रोजीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कांडींतून पहिला लेसर किरण निर्माण केला. साध्या दिव्याचा प्रकाश दूर जातां जातां पसरतो. लेसरचा किरण फारच थोडा पसरतो. या गुणाचा उपयोग करून टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीनें अमेरिकन वायुदलासाठीं 'पेव्हवे' या नांवाचें बाँबांचें एक कुटुंब तयार केलें, आणि १९६८ सालीं व्हिएतनामच्या युद्धांत त्याची परीक्षा झाली.

त्याची रीत अशी आहे. विमानांतील किंवा जमिनीवरील एक मनुष्य लक्ष्यावर लेसर किरण रोखून धरतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीं. लक्ष्यावर आपटून तो विखुरतो, आणि त्या जागीं जणूं एक अदृश्य दिवा लागतो. बाँबच्या नाकाशीं एक भिंग असून त्यामागें चार सारख्या भागांत विभागलेला प्रकाशग्राहक असतो. चारहि भागांवर सारखा प्रकाश पडला तर वाट बरोबर आहे. एका बाजूला अधिक पडला तर वाट चुकली आहे. चूक कळतांच पुढच्या लहान पात्या वळतात व बाँबचें तोंड फिरवितात. आरंभीच्या पेव्हवे बाँबांत या पात्या एक तर पूर्ण वळत, नाहीं तर मुळींच वळत नसत; त्यामुळें बाँब किंचित् हेलकावे खात उतरे. नाकावरच्या प्रकाशग्राहकाला एक कडें बसविलेलें असे. इमारतीच्या शिखरावरील वाऱ्याचा कोंबडा जसा वाऱ्याच्या रोखानें फिरतो, तसें तें कडें प्रकाशग्राहकाचें तोंड बाँबच्या गतीच्या दिशेला ठेवी. शिवाय लेसरचा प्रकाश ठराविक तालावर लुकलुकतो. प्रत्येक बाँबला त्याचा ताल आधीं सांगून ठेवलेला असतो, म्हणून शेजारच्या बाँबच्या खुणेला तो भुलत नाहीं. या बाँबला इंजिन नसतें. उंची व वेग हेंच त्याचें भांडवल, आणि तें संपलें कीं कितीहि चांगला डोळा असला तरी त्याचा उपयोग होत नाहीं.

या योजनेंतील खरी चतुराई पुढेंच आहे. आपल्या टाकाची दांडी एकच असते. बारीक अक्षर काढावयाचें असो कीं जाड, आपण फक्त निब बदलतों. त्याचप्रमाणें येथें बाँब नवा केला नाहीं. कोठारांत पडलेला साधा लोखंडी बाँबच घेतला. पुढें डोळा व मेंदू असलेलें नाक बसविलें आणि मागें पंख असलेलें शेपूट. ५०० पौंडांच्या बाँबला ते भाग जोडले कीं त्याचें नांव जीबीयू-१२. १,००० पौंडांच्या बाँबला जोडले कीं जीबीयू-१६. २,००० पौंडांच्या बाँबला जोडले कीं जीबीयू-१०. पंखांचा आकार वजनाप्रमाणें बदलतो, तत्त्व तेंच राहतें. स्फोट आपटतांक्षणीं व्हावा कीं छत भेदून आंत गेल्यावर, हेंहि वेगळा फ्यूज बसवून ठरवितां येतें. एका भागांत सुधारणा झाली तर सबंध शस्त्र टाकून द्यावें लागत नाहीं. अशा सुट्या भागांच्या रचनेमुळें खर्च कमी झाला आणि शस्त्राचा प्रसार वाढला.

तिचा प्रभाव व्हिएतनामांतील थान्ह होआ येथील पुलावर दिसून आला. मा नदीवरील या पुलावर अमेरिकन विमानांनीं ३ एप्रिल १९६५ रोजीं पहिला मोठा हल्ला केला. त्यानंतर शेकडों उड्डाणें झालीं, विमानें पडलीं, वैमानिक मेले किंवा पकडले गेले. पूल जखमी होई, पुन्हां दुरुस्त होई, पण उभाच राही. १३ मे १९७२ रोजीं लेसरनें वाट शोधणाऱ्या बाँबांनीं त्याचा पश्चिमेकडील भाग उखडून टाकला. सात वर्षांत जें झालें नव्हतें तें एका दिवसांत झालें.

तरी लेसरलाहि मर्यादा आहे. ढग, धूर किंवा धूळ आडवी आली कीं खूण दिसेनाशी होते. १९९१ च्या आखाती युद्धांत हा अनुभव आल्यावर अमेरिकेनें 'जेडॅम' नांवाचें नवें शेपूट केलें. त्यांत उपग्रहांकडून स्वतःचें स्थान समजून घेण्याची सोय असून लक्ष्याचे अक्षांश व रेखांश त्यास आधींच सांगून ठेवितात. ढगांची त्यास अडचण नाहीं. युद्धांत त्याचा प्रथम उपयोग १९९९ सालीं युगोस्लाव्हियावरील हल्ल्यांत झाला. त्याच्या अचूकतेचें ठरविलेलें माप होतें १३ मीटर. या मापाचा अर्थ मुलांनीं नीट ध्यानांत ठेवावा. १३ मीटर त्रिज्येचें वर्तुळ काढलें तर निम्मे बाँब त्याच्या आंत पडतील, असा तो अर्थ आहे. म्हणजे उरलेले निम्मे बाहेर पडूं शकतात. 'अचूक' हा शब्द ऐकल्याबरोबर हें निम्मेपण विसरूं नये.

आपल्या देशालाहि ही विद्या अपरिचित नाहीं. १९९९ सालीं कारगिलच्या युद्धांत विरळ हवेच्या उंच शिखरांवर साध्या बाँबांचा नेम साधणें कठीण झालें होतें. २४ जून १९९९ रोजीं भारतीय वायुदलाच्या मिराज विमानांनीं टायगर हिलच्या माथ्यावरील शत्रूच्या ठाण्यावर लेसरनें मार्ग दाखविलेले बाँब टाकले. त्या ओसाड शिखरावर सैनिकांवांचून कोणी राहत नव्हतें. तेथें नेमकेपणाचा उपयोग निःसंशय झाला. पुढें बंगळूरच्या सरकारी संशोधनसंस्थेनें साध्या बाँबला जोडण्याचा असाच संच तयार केला. त्याचें नांव 'सुदर्शन'.

येथवर विज्ञानाचें उत्तर झालें. आतां प्रश्नाचा दुसरा भाग.

१३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे बगदाद शहराच्या आमिरिया भागांत एका सिमेंट-काँक्रीटच्या आश्रयस्थानावर दोन लेसर बाँब पडले. पहिल्यानें जाड छत फोडलें. दुसरा त्याच वाटेनें आंत गेला. नेमांत तिळमात्र चूक नव्हती. ती जागा सैन्याचें गुप्त कार्यालय आहे, अशी हल्ला करणाऱ्यांची समजूत होती. प्रत्यक्षांत तेथें बाँबांच्या भीतीनें आलेलीं कुटुंबें झोंपलीं होतीं. चारशेंहून अधिक माणसें त्यांत मेलीं, आणि त्यांत स्त्रिया व मुलें पुष्कळ होतीं.

दुसरें उदाहरण ७ मे १९९९ चें. त्या रात्रीं बेलग्रेड शहरांतील चीनच्या वकिलातीवर पांच 'जेडॅम' बाँब पडले व तीन चिनी पत्रकार ठार झाले. अमेरिकेनें खुलासा केला कीं, मारावयाची होती ती सैनिकी सामग्रीच्या खात्याची इमारत. परंतु नकाशावर तिची जागा चुकीची धरली गेली आणि वकिलात नव्या जागीं आल्याची नोंदच त्यांत नव्हती. चीनला हा खुलासा पटला नाहीं. तो खरा मानला तरी बाँबनें आपलें काम बिनचूक केलें, हेंच त्यावरून ठरतें. फळ्यावरचें गणित वहींत उतरवितांना आंकडा चुकला आणि पुढची रीत सर्व बरोबर केली, तर उत्तर अगदीं बरोबर येतें. मात्र तें दुसऱ्याच गणिताचें. वहींत अशा चुकीला एक गुण जातो. बेलग्रेडांत माणसें गेलीं.

म्हणून माझ्या विद्यार्थ्याला माझें उत्तर असें आहे. बाळ, तुझें म्हणणें अर्धें खरें आहे. एका पुलासाठीं किंवा कारखान्यासाठीं सबंध शहर जाळावें लागत नाहीं, हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु बाँबच्या डोळ्याला 'कोठें' एवढेंच समजतें. तेथें काय आहे, कोण आहे, आणि तेथें मारावें कीं नाहीं, हें त्याला समजत नाहीं. तें माणसालाच समजून घ्यावें लागतें. पूर्वीं बाँब भलत्या घरावर पडला तर वाऱ्याकडे बोट दाखवितां येत असे. आतां वाऱ्याची ती सबब उरली नाहीं. नेम जसजसा अचूक होत जातो, तसतशी चुकीची जबाबदारी शस्त्रावरून उतरून तें पाठविणाराच्या शिरावर येते. आणखी एक धोका आहे. 'आपलें शस्त्र चुकत नाहीं' अशी खात्री झाली कीं तें उचलण्याचा संकोच कमी होतो, आणि माहिती पुन्हां एकदां पडताळून पाहण्याचा धीरहि कमी होतो.

या बाँबचें नाक बदलतां येतें, शेपूट बदलतां येतें, फ्यूज बदलतां येतो. हीं सर्व कामें कारखान्यांत होतात. लक्ष्य ठरविणाऱ्या माणसाची सत्यनिष्ठा व दया मात्र घरांत आणि शाळेंत घडते. आपल्या मुलांपैकीं कोणी उद्यां अभियंता होईल, कोणी वैमानिक, कोणी नकाशे काढणारा, कोणी हुकूम देणारा अधिकारी. त्यांना आपण गणिताची रीत शिकवितों. त्याबरोबरच उत्तर काढण्यापूर्वीं फळ्यावरचा आंकडा पुन्हां एकदां वाचण्याची संवयहि त्यांना लावणें हें आम्हां शिक्षकांचें, आणि तितकेंच पालकांचेंहि, काम आहे.