मोशेने हात ठेविले
पाठ : गणना २७:१५-२३

मरण जवळ आल्याचे कळल्यावर मोशे येथे आपले आयुष्य वाढवून मागत नाही. मंडळी मेंढपाळावाचून राहू नये, एवढेच मागतो. मग याजक व सर्व मंडळी ह्यांच्यासमक्ष तो यहोशवावर हात ठेवितो. तेव्हा त्याची दृष्टी मंद झाली नव्हती (अनुवाद ३४:७). शक्ती असतानाच त्याने भार सोपविला.

डहाणू-तलासरीकडील शेतकऱ्यास ह्यातील मर्म सहज कळेल. राबातले रोप वेळेवर उपटून लाविले तर फुटवा चांगला येतो; तेथेच जून झाले तर पीक घटते. तरुण सेवकाचेही असेच आहे.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनचा भार उचलण्यास आपली कन्या मनोरमाबाई हिला तयार केले होते. परंतु १९२१ साली कन्या निवर्तली व ५ एप्रिल १९२२ रोजी बाईही प्रभूकडे गेल्या. तरी ते कार्य आजही चालू आहे. वारस तयार करणे आपले काम. मंडळी राखणे प्रभूचे.

पद सुटले की मान सुटेल, असे भय आम्हां पाळकांसही वाटते. आमची पन्नाशीही दूर नाही. परंतु लेवी ५० व्या वर्षी कष्टाच्या सेवेतून मोकळे होत, तरी आपल्या भावांस साहाय्य करीत (गणना ८:२५-२६). वृद्ध उपदेशकाने व्यासपीठ सोडावे; आजाऱ्याची खाट व प्रार्थना सोडू नये.

मननार्थ प्रश्न : तुमच्या मंडळीतील यहोशवा कोण? त्याजवर हात केव्हा ठेवाल?