तिरका रेझर आणि हाताचा जोर

चि. बाळूस,


परवा रात्री आक्काचा फोन आला. "पोरानं गळा कापून घेतलाय," एवढंच बोलली आणि रडायला लागली. मामी वाढता वाढता तिथंच थांबली. त्यानंतरची पाच मिनिटं आम्ही दोघांनी कशी काढली ते तुला सांगून उपयोग नाही. मग एकेक गोष्ट उलगडत गेली. व्हिडिओ कॉलवर तुझ्या कंठमण्याच्या दोन्ही अंगांना लाल रेघा दिसल्या, त्यावर कापूस चिकटलेला, आणि तिनं विचारल्यावर तू "दाढी करताना झालं" म्हणून फोन दुसरीकडं वळवलास. त्यात गल्लीतल्या कुणीतरी तिला सांगितलं, की तिकडं जर्मनीत वाकडं पातं बसवलेले रेझर विकतात, कंपनीचा टाकाऊ माल असतो तो. झालं. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा नाही.

टाकाऊ माल नाही, हे मी तिला समजावलं. तू सोलिंगेनला जाऊन मेर्कुरचा तिरका रेझर, ३७ सी, आणलास हे मला आमच्या धाकट्याकडून कळलं होतं. वस्तू चांगली आहे. ज्या गावाचं नाव पात्यावर घालायचं तर ते त्याच गावचं असलं पाहिजे असा कायदा १९३८ सालापासून आहे, त्या गावात तू रेल्वेनं जाऊन येतोस, याचा मला आनंदच आहे. तू पाठवलेला तिथल्या म्युंगस्टेनच्या रेल्वेपुलाचा फोटो मी अजून ठेवला आहे. १०७ मीटर उंच आणि १८९७ चं काम! तेव्हा रेझर का घेतलास म्हणून मी रागावलो नाही. रागावलो तो त्या कापसावर.

बाळू, तू जोर देतोस. मी बघितलं नसलं तरी त्या रेघा कशानं उमटतात ते मला कळतं. टूलरूममध्ये आयुष्य गेलं माझं.

तू मेकॅनिकल शिकतोस, म्हणून तुझ्याच भाषेत सांगतो. सरळ दातांचा मिलिंग कटर जॉबवर आदळतो, कारण अख्खा दात एकदम लागतो. हेलिकल कटरचा दात एका टोकापासून हळूहळू शिरतो, म्हणून भार कमी येतो आणि फिनिश चांगली मिळते. आपल्या फडात ऊसतोड करणारी बाई कोयता तिरका घालते, तेही त्यासाठीच. तिरक्या रेझरचं मर्म एवढंच. डोकं घडवतानाच कलतं ठेवलेलं असतं, त्यामुळं तू हात सरळ खाली आणलास तरी धार केसाला तिरकी भेटते. वर पातं पिळून बसवलेलं असतं. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा पत्रा तो, सपाट ठेवला तर थरथरतो. पिळला की ताठ होतो आणि चॅटरिंग थांबतं. ही युक्ती आजची नाही. सोलिंगेनच्याच वालबुशनं बेकेलाइटचे तिरके रेझर काढले होते.

म्हणजे हे हत्यार बनवलं कशासाठी? जोर कमी लागावा म्हणून. आणि तू त्यालाच जोर लावलास! जो जोर केसाला लागत नाही, तो जातो कुठं? कातडीत जातो.

चूक सगळी तुझी नाही, हेही मला कळतं. बारावीपासून तू ते तीन पात्यांचं, मान डोलावणारं काडतूस वापरत आलास. ते दाबलं तरी चालतं, त्याची घडणच तशी आहे. त्यानं हाताला जी खोड लागते ती एका दिवसात जात नाही. साध्या सरळ सेफ्टी रेझरवर दोन-तीन महिने हात बसवून मग तिरक्याकडं वळायचं असतं. तू मधली पायरी गाळलीस. त्यात पातं लावलंस जपानचं फेदर, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या सगळ्यात धारदार पात्यांतलं एक. आणि धाकटा सांगतो की सुलटा, आडवा, उलटा असे तिन्ही हात तू पहिल्याच दिवशी मारलेस. असं कुणी करतं का रे? त्या दिवशी इंटरव्ह्यू होता हे कबूल. पण गुळगुळीत गालाकडं बघून कुणी नोकरी देत नाही, आणि रक्ताळलेल्या कॉलरकडं मात्र सगळ्यांचं लक्ष जातं.

तुला हा रेझर घ्यावासा का वाटला ते मी समजू शकतो. आपल्या घराण्याची दाढी राठ. तात्यांची तशी, माझी तशी, आणि तू गेला आहेस आजोळावर. हनुवटीवर सरळ रेझर अडखळतो, केस ओढला जातो, डोळ्यांत पाणी येतं. असल्या दाढीला तिरका रेझर खरोखर उपयोगी आहे. मऊ, विरळ दाढीवाल्यानं त्यावर पैसे घालू नयेत. तू घातलेस ते वाया गेले नाहीत. तेव्हा फेकून देऊ नकोस आणि कपाटात लपवूनही ठेवू नकोस. फक्त आधी गळा बरा होऊ दे. खपल्या पडून कातडी एकसारखी झाल्याशिवाय गळ्याला पातं लावायचं नाही. आठवडा लागो की पंधरवडा. दाढी वाढली तर वाढू दे, आक्काला मी सांगेन.

मग सुरुवात गालापासून कर. पातं बदलताना दोन्ही टोकांना धर, धारेला बोट लावू नकोस. समोरून बघशील तर पातं एका बाजूला जास्त बाहेर दिसेल. ते तसंच असतं. सरळ करायला जाऊ नकोस. मी पाठवलेली सेव्हन ओ'क्लॉकची पाती शिल्लक असतील तर तीच लाव, फेदर राहू दे. आंघोळीनंतर दाढी कर, केस दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात भिजले की निम्मं काम झालेलं असतं. तू थंड पाण्याचा हबका मारतोस आणि डब्यातला फेस थापतोस. ब्रश घे एक. रेझरची मूठ शेवटाकडं दोन बोटांत आणि अंगठ्यात धर म्हणजे दाबायला जागाच राहणार नाही. मूठ आवळलीस की जोर आलाच. वरची टोपी कातडीला टेकव आणि तिथून जेमतेम धार लागेल एवढीच मूठ खाली आण. रेझरचं स्वतःचं वजन आहे ना, ते पुरतं.

जबड्याखाली मात्र थांब. तिथं आपले केस सरळ उगवत नाहीत, भोवऱ्यासारखे फिरतात. बोट फिरवून रोख बघ, कुठं खरखरतं, कुठं गुळगुळीत लागतं. डावीकडचा रोख उजवीकडं असेलच असं नाही. तिथं एकच सुलटा हात. उलटा हात नकोच. कुरळा केस कातडीच्या खाली तुटला की टोक आतल्या आत वळतं आणि पुळी धरते. तू ती पुळी पुन्हा खरवडतोस. माझ्या मते तुझ्या गळ्याचं निम्मं दुखणं ते आहे.

आता पात्याचं ऐक. अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी २०२० साली 'सायन्स' मध्ये एक शोधनिबंध छापला. केस पोलादापेक्षा पन्नासपट मऊ, तरी त्यानं पात्याच्या धारेचे बारीक टवके उडतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. तेव्हा पातं जुनं झालं की टाक. ओढायला लागलं की माणूस नकळत दाबतो. पुन्हा मी तिथंच आलो बघ.

मला हे कुणी शिकवलं, सांगू? तात्या रविवारी सकाळी सोप्यात बसायचे. खिडकीच्या गजाला आरसा, पितळेच्या वाटीत पाणी, बाजूला तुरटीचा खडा. मला मिसरूड फुटली तेव्हा म्हणायचे, "बस इथं. बघ जरा." मला कल्ले ठेवायचे होते, सिनेमातल्यासारखे. मी सायकल काढून सलूनमध्ये जायचो. तात्यांनी पुन्हा पुन्हा बोलावलं नाही, त्यांचा स्वभाव तुला आक्कानं सांगितला असेल. आज वाटतं, त्या सोप्यात त्यांच्याजवळ एक रविवार तरी बसायला हवं होतं. मागच्या वयातलं दुसरं काही मला इतकं परत हवंसं वाटत नाही.

ते पडले तेव्हा तू पाळण्यात होतास. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. पहिल्या दिवशी त्यांची दाढी करायला बसलो आणि रेझर हातात धरून नुसताच बघत राहिलो. कातडी अशी सैल, की बोट लावलं की सरकायची. डाव्या अंगठ्यानं गाल कानाकडं ताणायचा, चार बोटं रेझर आणायचा, उचलायचा, धुवायचा, पुन्हा ताणायचा. त्यांना दुखलं तर सांगता येत नव्हतं. म्हणून मी त्यांच्या डोळ्यांकडं बघायचो. पापणी जराशी हलली की हात थांबायचा. हनुवटीखाली पोचलो की ते आपणहून मान वर करायचे, जेवढी होईल तेवढी. झाल्यावर तुरटी फिरवायचो आणि ते डावा हात गालावरून उलटा फिरवून बघायचे. ते गेले तोवर त्यांना एकदाही रक्त काढलं नाही मी.

दुसऱ्याच्या गळ्यावर हात असा राहतो, बाळू. तुझ्या स्वतःच्या गळ्यावर तुझा हात तसा का राहत नाही, ही माझी खरी चिंता आहे. तू स्वतःला फार रेटतोस. लहानपणापासून बघतोय. दाजी गेल्यावर तर जास्तच. धाकटा म्हणाला, पहाटे चारला उठून दाढी करतोस, गोदामातल्या कामाला जातोस आणि तिथून लेक्चरला. झोप अपुरी असताना, मन दुसरीकडं असताना कुणाचा हात हलका राहील?

मी फार बोललो. रागावून घेऊ नकोस. आक्काला मी सांगितलंय की रेघा वरवरच्या आहेत, आठवड्यात जातील. तू तिला दिवसाउजेडी एक फोन कर आणि गळा स्पष्ट दाखव, लपवू नकोस. लपवलंस की ती नको ते मनात आणते. तुझ्या कॉलेजचा एक मुलगा पुढच्या महिन्यात इकडून निघतो आहे म्हणे. त्याच्याबरोबर तुरटी, ब्रश, पात्यांची दोन पाकिटं आणि मामीनं केलेली शेंगदाण्याची चटणी पाठवतो आहे. ब्रशचे पैसे मागितलेस तर याद राख.

दिवाळीत यायचं जमत असेल तर तिकिटाचं मी बघतो. नसेल जमत तर गोदामातल्या कामाचे दोन दिवस कमी कर, तेवढे पैसे मी दर महिन्याला पाठवीन. आक्काला यातलं काही कळायचं कारण नाही. आणि रात्री झोप लागते की नाही ते मला खरं खरं लिही. तिच्यासाठी लिहितोस तसं नको.

तुझा,
मामा