बदके बागेत हवीत, पण वाफ्यात नकोत



पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की परसबागेत गोगलगायी निघतात. संध्याकाळी हिरवीगार पाहिलेली मिरची-वांग्याची रोपे सकाळी नुसत्या काड्या होऊन उभी असतात. मग कोणी मीठ टाकतो, कोणी बाजारातून विषाच्या गोळ्या आणतो. मिठाने जमीन बिघडते. गोळ्या खाऊन कोंबड्या-कुत्री मरतात, आणि घरातल्या लहान मुलांनाही त्यांचा धोका असतो.

यावर एक जुना उपाय म्हणजे बदके. बदक गोगलगायी, त्यांची अंडी, अळ्या आणि नाकतोडे आवडीने खाते. कोंबडीसारखी माती उकरून ते रोपे उपटत नाही. पण बदके पाळणारे पुष्कळजण तक्रार करतात, "गोगलगायी गेल्या खऱ्या, पण त्यांच्याबरोबर लाल माठही गेला!" हा दोष बदकाचा नाही. बदकाला कोवळे पान आणि गोगलगाय दोन्ही सारखीच गोड. शिवाय त्याच्या रुंद पायांखाली लहान रोपे दबतात. म्हणून त्याला कधी आत सोडायचे आणि कधी बाहेर ठेवायचे, हे आपण ठरवले पाहिजे.

पेरणीपूर्वी : जमीन खणून झाल्यावर एक-दोन आठवडे रिकाम्या वाफ्यांत बदके मोकळी सोडा. मातीतल्या अळ्या व गोगलगायींची अंडी ती वेचून खातात. मग त्यांना बाहेर काढून पेरणी करा.

रोपे लहान असताना : बागेभोवती कामट्यांचे किंवा जाळीचे दोन-अडीच फूट उंच कुंपण घाला आणि बदके कुंपणाबाहेर फिरवा. गोगलगायी बहुधा बांधावरून व झुडपांतून येतात. त्या वाटेतच टिपल्या जातील.

रोपे गुडघाभर झाल्यावर : मिरची, वांगी, भेंडी यांचे खोड टणक झाले की संध्याकाळी तासभर बदके आत सोडा. आधी दाणा देऊ नका. पोट भरलेले बदक गोगलगाय शोधत नाही. दाणा खुराड्यात परत आल्यावर द्या, म्हणजे हाक मारताच ती परततील. टोमॅटो काठीला उंच बांधा. मेथी, पालक, माठ, कोथिंबीर यांच्या वाफ्यांत मात्र त्यांना कधीच सोडू नका. नारळ, सुपारी, केळीच्या बागेत ती बाराही महिने चालतात. रविवारी मिस्साला जाताना बागेचे फाटक लावले आहे ना, हे पाहूनच निघा. तेवढ्या दोन तासांत महिन्याची मेहनत जाते.

दोन-चार गुंठ्यांच्या बागेला दोन-तीन बदके पुरतात. अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल जात चांगली. बदके पहाटे अंडी घालतात, म्हणून सकाळी आठ-नऊपर्यंत त्यांना खुराड्यातच ठेवा.

भातशेतीत : जपानमधील फुकुओका प्रांतातले शेतकरी ताकाओ फुरुनो यांनी १९८८ पासून भातात बदके सोडण्याची पद्धत वाढवली. लावणीनंतर एक-दोन आठवड्यांनी, रोपांनी मूळ धरल्यावर, दहा गुंठ्यांना पंधरा ते वीस पिल्ले सोडतात. ती तण व किडे खातात, चिखल ढवळतात आणि त्यांची विष्ठा खत होते. आपल्याकडच्या धो-धो पावसात तीन-चार आठवड्यांची पिल्ले सोडणे बरे. लोंबी बाहेर पडू लागताच बदके काढून घ्या, नाहीतर दाणे त्यांच्याच पोटात जातील.

हे ध्यानात ठेवा :

१. फवारणी केलेल्या किंवा विषाच्या गोळ्या टाकलेल्या जागी बदके सोडू नका.

२. बुरशी लागलेला मका वा शेंगदाण्याची पेंड देऊ नका. त्या विषाने बदके कोंबड्यांपेक्षा लवकर मरतात.

३. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढे खोल पाणी ठेवा. तळे नसले तरी चालते.

४. कोल्हा, मुंगूस, कुत्रा यांच्यापासून रक्षणासाठी रात्री खुराडे पक्के बंद करा.

५. मोठी शंखी गोगलगाय बदकाला गिळता येत नाही. ती हाताला पिशवी गुंडाळून वेचा आणि साबणाच्या दाट पाण्यात टाका. गोगलगायीच्या अंगात एका जंताच्या अळ्या असू शकतात. त्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून मुलांना तिच्याशी खेळू देऊ नका, आणि भाजी स्वच्छ धुऊनच खा.

६. बदकाचे अंडे पूर्ण शिजवूनच खा. खुराडे साफ केल्यावर हात साबणाने धुवा. ताजी विष्ठा भाजीला घालू नका, ती उकिरड्यात कुजवा.

७. बदकांच्या प्लेग रोगावर लस मिळते. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. एकदम पुष्कळ पक्षी मेले तर त्यांना हात न लावता तेथे कळवा.

प्रथम दोनच बदके आणा आणि एक पावसाळा त्यांची चाल पाहा. कुंपण आधी आणि बदक मागाहून, एवढा क्रम पाळला तर गोगलगायी कमी होतील, भाजी वाचेल आणि मुलांच्या ताटात अंडीही येतील.