सराव टिकवायचा खर्च किती?

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची नोंदणी उघडली की जागा भराभर संपतात. पैसे भरले म्हणजे आता धावणं आपसूक होईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. होत नाही. ते शुल्क एका सकाळचं असतं. त्याआधीच्या चार महिन्यांच्या सकाळी वेगळ्या कमवाव्या लागतात, आणि त्यातल्या पुष्कळ फुकट मिळतात. म्हणून धावण्यासाठी असो की पोहण्यासाठी, कुठलीही वस्तू घेताना तिची किंमत ती किती दिवस वापराल त्याने भागून बघा.

पोहण्याच्या तलावाचंच घ्या. समजा वर्षाची वर्गणी ८,००० रुपये आहे आणि महिन्याची १,०००. वर्षाची स्वस्त दिसते. पण वर्षभरात ४० वेळाच गेलात, तर दर खेपेला २०० रुपये पडले. महिन्याची पावती फाडून १६ वेळा गेलात, तर साडेबासष्ट. पहिले तीन महिने तरी महिन्याच्या पावतीवरच राहा. दर महिन्याला खिशात हात घालावा लागला की आपण खरंच जातोय की नाही, ते लपत नाही.

पावती फाडण्याआधी काउंटरवर विचारून घ्या: सुट्टीचा वार कोणता, साफसफाईसाठी तलाव बंद राहिला तर ते दिवस पुढे मिळतात का, प्रशिक्षकाची फी वेगळी आहे का, डॉक्टरांचा दाखला लागतो का. एप्रिल-मेमध्ये मुलांच्या शिबिरांनी तलाव गजबजलेला असतो. २५ मीटरच्या तलावात एक किलोमीटर म्हणजे ४० लांब्या, आणि त्या गर्दीत चारही सलग होत नाहीत. लांब पल्ल्याचं पोहणाऱ्याने तेव्हा पहिली बॅच धरावी, नाहीतर सरळ जूनपासून सुरुवात करावी. टोपी दीड-दोनशेत येते. चष्म्याला मात्र पाचशे-सातशे घाला. डोळ्यांत पाणी शिरत राहिलं की माणूस चौथ्या दिवशी कारणं शोधायला लागतो.

सांगलीकर म्हणतील, कृष्णा असताना तलावाला पैसे कशाला? घाटावरून नदीत उतरणाऱ्यांची परंपरा सांगलीत जुनी आहे, हे खरं. पण कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत, आणि पावसाळ्यात नदी काय करू शकते ते २०१९ च्या महापुरात सगळ्या शहराने पाहिलं. नियमित पोहणाऱ्या जाणत्या मंडळींची सोबत नसेल, तर नदीचं फुकट पोहणं फार महाग पडू शकतं.

धावण्यात खरा खर्च बुटांचा. चांगला सुरुवातीचा जोड साधारण साडेतीन-चार हजारांत मिळतो आणि ढोबळमानाने ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. आठवड्याला २५ किलोमीटर धावलात, तर वर्षाला दोन जोड धरा, म्हणजे सात-आठ हजार. साताऱ्यात हे दोन्ही जोड पावसाळ्याआधीच घ्यावेत. सातारा हिल हाफ मॅरेथॉन पावसाळ्यात येते, म्हणजे ऐन तयारी जून-जुलैच्या पावसात पडते. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले, तरी ते दुसऱ्या पहाटेपर्यंत वाळतीलच असं नाही. त्या पहाटे ‘बूट ओले आहेत’ हे कारण तयारच असतं; दुसरा जोड म्हणजे त्या कारणावरचा खर्च. माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून घ्या. शर्यतीतला यवतेश्वरचा घाट चढताना दम काढतो, उतरताना नखं.

चढाचा सराव सातारकरांना अजिंक्यताऱ्यावर आणि यवतेश्वरच्या रस्त्यावर फुकट आहे. सांगली सपाट. तिथल्यांनी आठवड्यातून एकदा पेट्रोल वाटून घेऊन दंडोबाचा डोंगर गाठावा. चौघांच्या गाडीत जाण्याचा फायदा पेट्रोलपेक्षा मोठा असतो: खाली तिघं हॉर्न वाजवत असताना पांघरुणात राहता येत नाही. प्रेरणेची व्याख्यानं ऐकण्यापेक्षा हे बरं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत दहावी आली, याचा अभिमान जरूर बाळगा. पण पहाटे पाचला उठवायला शेजारचाच माणूस लागतो.

पंधरा-वीस हजारांचं घड्याळ पहिल्या वर्षी नको. फोनवरचं फुकट अ‍ॅप अंतर मोजायला पुरतं. शंभर-दीडशे रुपयांच्या एनर्जी जेलऐवजी सांगलीचे मूठभर बेदाणे खिशात टाका, सोबत मीठ-साखरेचं लिंबूपाणी. मात्र जे काही खायचं ते आधी सरावात खाऊन बघा. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांची तपासणी यादीत सगळ्यात वर. तिथे काटकसर नाही.

शर्यतीच्या दिवसाचा हिशेब वेगळा मांडा. सांगलीहून सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि शर्यत सकाळी लवकर सुटते, म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम आलाच. त्या रात्री खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर महाग, म्हणून नोंदणी होताच खोलीही पाहून ठेवा. साताऱ्यात मावशी-आत्या असेल तर तोही खर्च वाचतो. फक्त पहाटे चारला घरातले दिवे लागतील, हे तिच्या कानावर आधी घाला.