टपोरं जांभूळ आणि मनातली शंका

प्रश्न : पालघरच्या बाजारात टपोरी जांभळं ‘बहाडोलीची’ म्हणून महाग विकतात. सोबतच्या मैत्रिणी म्हणतात, एवढं मोठं फळ म्हणजे संकरित, आणि हाताला रंग लागतो म्हणजे वरून रंग लावलेला. घ्यावीत का?
— एक वाचक, सातपाटी

उत्तर : ताई, बिनधास्त घ्या. बहाडोली आपल्याच पालघर तालुक्यात आहे. तिथल्या जांभळाचं नावच मुळी मोठ्या आकारासाठी आणि भरपूर गरासाठी झालंय. 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हाताला लागतो तो फळाचाच जांभळा रंग. जीभ रंगते तीही त्यानंच!

किंमत चढी असते, कारण जांभळाची फांदी ठिसूळ. झाडाभोवती बांबूची परांची बांधून फळ हातानं तोडावं लागतं. तरी ‘बहाडोली’ म्हटलेली प्रत्येक पाटी तिथलीच असेल असं नाही. बाग कोणाची, तोडणी कधीची, हे विचारा. खरा बागवाला सांगताना अडखळत नाही. हंगाम जेमतेम मे-जूनचा, त्यामुळे इतर महिन्यांत हे नाव ऐकलं तर सावध व्हा.

वरचा थर बघून भुलू नका, तळाची चार फळं उचलून पाहा. लालसर घेऊ नका. तोडल्यावर जांभूळ पिकत नाही. पावसानं फुटलेली टाळा. धुवायची ती खातानाच, आणि दोन दिवसांत संपवा. मधुमेहासाठी घेत असाल तर खुशाल खा, पण बेतानं. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.